राघूचं हिरवं रेशीम

कलाबाईच्या ट्रंकेत काय नव्हतं! शेपटीवाचूनचा राघू होता, एका डोळ्याचा मोर होता, तीन पायांवर उभा असलेला हत्ती होता, आणि 'सुस्वा' एवढंच बोलून गप्प बसलेलं दारावरचं तोरण होतं. हौस दांडगी. सुई हातात आली की बाई तहानभूक विसरायची. पण काम निम्म्यावर आलं की तिला दुसरंच काहीतरी दिसायचं, आणि पहिलं घडी होऊन ट्रंकेच्या तळाशी जायचं. गंगापूर रस्त्याच्या मळ्यातली फुलं तोडून, भद्रकालीच्या बाजारात विकून ती घरी यायची, ती येतानाच डोक्यात नवा वेल घेऊन.

"आमच्या घरात समदं निम्मं," नवरा मोतीराम चारचौघांत म्हणायचा. "भाकरी तेवढी पुरी भाजती, हे आपलं नशीब."

लोक हसायचे. कलाबाईही हसायची. हसण्याशिवाय करणार काय? ट्रंक तर खरीच होती.

चौतीस सालचा पाडवा उजाडला. माळ्यांच्या आळीत रामाचं लहानसं देऊळ होतं. रामनवमीला भर दुपारी तिथं जन्म व्हायचा. म्हणजे नारळाला बाळाची कुंची घालायची, त्याला पाळण्यात ठेवायचं आणि आळीतल्या बायांनी पाळणा म्हणायचा. पाडव्याच्या दिवशी देवळाची देखभाल करणाऱ्या गोटीरामानं पेटी उघडली, तर कुंचीला उंदरांनी चांगलं मोठं भोक पाडलेलं.

"आता कोण शिवतंय कुंची?" गोटीरामानं जमलेल्या बायांना विचारलं.

"मी!" कलाबाई म्हणाली.

शब्द तोंडातून गेला तेव्हा तिला स्वतःलाच दचकायला झालं. बायांनी एकमेकींकडे पाहिलं आणि जो हशा पिकला, तो थेट रस्त्यापर्यंत ऐकू गेला असेल. एकटी तिची थोरली जाऊ भिमाबाई हसली नाही.

"शीव बाई," ती म्हणाली. "मी बी एक शिवून ठिवते. येळेला देव उघडा नको ऱ्हायला."

हे मात्र कलाबाईला झोंबलं. हसणाऱ्या बायांचं काही नाही, पण ही जाऊ! कान तापले तिचे. तिनं तिथंच रामासमोर पण केला. जन्माच्या आत कुंची पुरी करायची, शेवटच्या टाक्यापर्यंत. तोवर दुसरं कापड हातात धरायचं नाही आणि भरतकामाचा दुसरा छाप मागायचा नाही. तरीही निम्मी राहिली, तर ट्रंक उचलून जावेच्या दारात ठेवायची आणि जन्मात पुन्हा सुई धरायची नाही.

आता एवढा मोठा पण कोणी मागितला होता? कोणी नाही. पण कलाबाईचं सगळंच असं, हातचं राखून काही नाही.

भद्रकालीत हबीबचं सुईदोऱ्याचं दुकान होतं. हबीब माल विकायचा आणि त्याची बायको सलिमा कापडावर छाप काढून द्यायची, निळीच्या पाण्यात काडी बुडवून. कलाबाईच्या ट्रंकेतलं प्रत्येक जनावर सलिमाच्याच हातचं. कलाबाई धापा टाकत दुकानात शिरली आणि तिनं आपला पण सांगून टाकला.

सलिमानं कपाळाला हात लावला. "या अल्ला! सुई सोडायची कसम कशाला घेतलीस गं? मी गप्पा कुणाशी मारू?"

"मंग पुरी होईल असाच छाप काढ भाभी."

सलिमानं लाल खणाचा तुकडा पसरला आणि विचार करून काठाला साधासा वेल काढला. मधे फुलं, प्रत्येक फुलाला तीन पानं. "बस. यात एक रेघ पण वाढवायची नाही. आणि नवीन छाप मागितलास, तर दुकानाचं दार लावून घेईन."

कलाबाई कामाला लागली. काय ते दिवस! पहाटे मोगरा तोडताना तिची बोटं मनातल्या मनात साखळीटाका घालायची. फुलांच्या पाटीशेजारी बसून ती भरायची, गिऱ्हाईक आलं की सुई पदरात खोचायची. गुलाबी, पांढरा, केशरी. एकेक फूल उमलत गेलं, तशी तिला अशी काही उकळी फुटायची की शेजारच्या वांगीवालीला पाच-पाच वेळा कापड दाखवून झालं. मधेच एकदा हबीबनं मुंबईहून आलेला विमानाचा छाप दुकानाबाहेर टांगला. विमान! पंख, चाकं, वर एक टोपीवाला माणूस! कलाबाईचे पाय जागीच रुतले. मग तिनं पदर डोळ्यांवर ओढला आणि वाटेतल्या टांग्याला थडकता थडकता घर गाठलं. एवढा निग्रह तिनं आयुष्यात केला नव्हता.

पण स्वभाव कुठे जातो? दुसऱ्या छापाला हात लावायचा नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं. याच छापात भर घालायची नाही, असं कुठे ठरलं होतं? तीन पानं तिला बोडकी वाटली. मोगऱ्याच्या झाडाला काय तीनच पानं असतात? तिनं पाच केली, पुढं सात केली. वेल असा दाट झाला की बघणारा हरखून जावा. आणि अष्टमीच्या दिवशी, काठाचा शेवटचा वीतभर तुकडा राहिलेला असताना, हिरवं रेशीम संपलं.

ती धावत दुकानात गेली.

"हिरवा एक धागा नाही," सलिमा म्हणाली. "मुंबईचा माल यायचाय. किती पानं केलीस, दाखव." तिनं कुंची पाहिली आणि डोळे मोठे केले. "अगं, जंगल केलंस! आता राहिलेली पानं पिवळी भर."

"पिवळी? सुकल्याली पानं देऊ व्हय रामाला? माळ्याची बाई मी, लोक तोंडात शेण घालतील!" कलाबाईचे डोळे भरून आले. "संपलं भाभी. आता समदी म्हणतील, बघा, ऱ्हायली निम्मी."

सलिमानं कुंची घडी घालून तिच्या हातात दिली. म्हणाली, "दुकानात नाही. पण तुझ्या ट्रंकेत अर्धं दुकान पडलंय की."

घरी येऊन कलाबाईनं ट्रंक उपडी केली. मोर निळा, हत्ती करडा, तोरण लाल. हिरवा होता फक्त राघू. एका बाळाच्या कुंचीच्या पाठीवर बसलेला, चोचीपासून पोटापर्यंत गच्च भरलेला, फक्त शेपूट नसलेला. हा राघू तिनं भिमाबाईच्या लेकीच्या, मैनेच्या बारशासाठी काढला होता, निम्मा झाल्यावर जावेला दाखवलाही होता. मैना आता परकर सावरत मळ्यात फुलं तोडायला यायची.

तिनं सुईचं टोक राघूच्या पंखाखाली घातलं आणि हात थांबला. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच त्या बारशाचा विचार करत होती. "उद्या देते, जाऊबाई," असं ती रोज म्हणाली होती. मग मोर दिसला होता. बारशाला मैनेच्या डोक्यावर काय होतं, हेही तिला आठवेना. शरम वाटली, अगदी खरी शरम. आजवर ट्रंकेकडे बघून हसूच यायचं. त्या ट्रंकेपायी कोणी वाट बघत राहिलं असेल, हे ध्यानातच आलं नव्हतं.

पण आता राघूला शेपूट लावून काय होणार होतं? मैनेचं डोकं तर त्या कुंचीत मावणार नव्हतं. कलाबाईनं जड हातानं राघू उसवला. वळ्या पडलेलं रेशीम ओल्या फडक्यात गुंडाळून सरळ केलं आणि सुईत ओवलं. जुना हिरवा नव्यापेक्षा जरा मऊ, जरा पोपटी दिसत होता. दिसू दे. पान भरलं, दुसरं भरलं, आणि हात पुन्हा भरभर चालायला लागला.

नवमीला देवळातला ताशा वाजायला लागला, तेव्हा ती शेवटचं पान भरत होती. मोतीराम दारात उभा होता.

"अगं, जन्म व्हायची येळ झाली!"

"आले, आले, आले!" तिनं गाठ मारली, दातानं दोरा तोडला, आणि जागच्या जागी उडी मारली. "झाली! अवं, झाली! पुरी झाली!"

मोतीरामानं कुंची हातात घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. थट्टा करायला त्याला काही सापडेना. "पळ," तो एवढंच म्हणाला, आणि तिच्याआधी तोच पळायला लागला.

देवळात गोटीराम नारळ हातात धरून दाराकडे बघत होता. भिमाबाई पाळण्याशेजारी उभी होती आणि तिच्या काखेत एक लहानसं गाठोडं होतं. कलाबाई घामाघूम होऊन गर्दीतून पुढं आली आणि तिनं कुंची उलगडली. बायांच्या तोंडून एकदम "अगं बाई!" निघालं. गोटीरामानं कुंची नारळाला चढवली, बंद बांधले, नारळ पाळण्यात ठेवला. गुलाल उधळला, ताशा कडाडला, पाळणा सुरू झाला. कलाबाईच्या अंगात आनंद मावेना. ती सगळ्यांपेक्षा वरच्या पट्टीत म्हणत होती आणि दोन्ही हातांनी पाळण्याची दोरी ओढत होती.

मग भिमाबाई वाकली. कुंचीचा काठ तिनं चिमटीत धरला. शेवटच्या पानांवर तिचं बोट थांबलं.

"हे हिरवं येगळं हाय," ती हळूच म्हणाली. "हा माझ्या मैनेचा राघू."

कलाबाईच्या हातातली दोरी थांबली. "व्हय, जाऊबाई. उसवला. हिरवं संपलं व्हतं." आणि मग, इतक्या वर्षांनी, तिच्या तोंडून निघालं, "तवा मी दिली न्हाई. लय चुकले."

"बाळंतिणीच्या बाजेवर बसून जुन्या लुगड्याची कुंची शिवली व्हती मी," भिमाबाई म्हणाली. "सांजपतुर तुझी वाट बघितली, मंग शिवाया घेतली."

बाया पाळणा म्हणत होत्या. कलाबाईला त्यातला एक शब्द ऐकू येईना. भिमाबाईनं काखेतलं गाठोडं सोडलं. आत पिवळ्या खणाची कोरी कुंची होती, नीटनेटकी, एकही फूल नसलेली. तिनं ती घडी घालून नारळाच्या खाली उशीसारखी सरकवली. डोळे पुसले आणि एकदम हसली.

"म्हंजी माझ्या मैनेची कुंची रामानं घातली म्हणायची," ती म्हणाली. "वढ की दोरी. लेकरू जागं व्हईल."