चाळीस पिकोसेकंद

कारखान्यात तिला सगळे 'केसभर' म्हणत. काम करताना ती स्वतःशीच पुटपुटायची, "केसभर अजून, केसभर अजून." इस्पितळातल्या तपासणी यंत्रांत बसणारे बोर्ड तिच्याकडे येत. बोर्डावर एक मूळ ठोका तयार होतो आणि सोळा वाटांनी पुढे जातो. सोळाही ठोके मूळ ठोक्याशी अगदी एका क्षणी पडायला हवेत, नाहीतर यंत्राचं चित्र पुसट येतं. सेकंदाचे अब्ज तुकडे करायचे, त्यातल्या एकाचे पुन्हा हजार, तो पिकोसेकंद. तिचा हिशेब त्यात चाले. प्रत्येक वाटेवर मोहरीएवढा स्क्रू असे. मीटरची एक केबल मूळ ठोक्याला आणि दुसरी त्या वाटेला लावून ती तो फिरवी, पडद्यावरच्या दोन रेघा एकमेकींवर बसल्या की स्क्रू हलू नये म्हणून त्यावर लाल लाखेचा ठिपका देई, आणि बोर्ड तपासणीला पाठवी.

तपासणीच्या टेबलावर तिची थोरली जाऊ बसायची. घर एक, ओटा एक, आणि आता पर्यवेक्षकाच्या रिकाम्या जागेसाठी दोघींचेही अर्ज. घरात त्यावर कोणी चकार शब्द काढत नव्हतं. म्हणजे सगळ्यांच्या मनात तेच होतं.

एका सकाळी कोपरा तुटलेला एक बोर्ड पॅकिंगमधून परत आला. केसभरने भिंगाखाली धरला आणि तिचा हात थांबला. तिचे ठिपके गोल असत. या ठिपक्यांना डावीकडे बारीक शेपूट होतं. विभागात डावखुरं माणूस एकच होतं. तिने बोर्ड मीटरला लावला. सोळाच्या सोळा वाटा चाळीस पिकोसेकंदांनी हललेल्या.

काहीतरी निमित्त काढून तिने पॅकिंगमधून आणखी दोन बोर्ड आणले. तेच शेपूट, तेच चाळीस.

संध्याकाळी भाजी चिरताना जाऊबाईंनी सहज विचारलं, "आज किती झाले गं बोर्ड?"

"झाले की," ती म्हणाली. हा प्रश्न त्या रोजच विचारत. आज पहिल्यांदाच तिला तो चौकशीसारखा वाटला.

रात्री तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी असं करतील? तुला हल्ली दोरीचाही साप दिसतो."

"ठिपके मला ओळखता येतात."

"मग वहिनींनाच विचार ना."

"चोराला विचारून चोरी सापडते होय?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती डबा अर्धा टाकून परतली. काचेच्या दारातून तिला जाऊबाई दिसल्या. डाव्या हातात पेचकस, समोर सकाळीच पाठवलेला बोर्ड, शेजारी लाखेची बाटली. त्या मान खाली घालून एकेक स्क्रू फिरवत होत्या. चोरून काम करणाऱ्या माणसाचा हात इतका शांत कसा, असं तिला वाटलं, आणि त्या शांतपणाचाच तिला जास्त राग आला. ती आत गेली नाही. तिने तक्रार लिहिली आणि विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवली.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "दाखवा मला."

तिने जाऊबाईंच्या हातून गेलेला एक बोर्ड आपल्या मीटरला लावला. दोन रेघांत चाळीसचं अंतर स्वच्छ दिसत होतं.

"आता दोन्ही केबली अदलाबदल करून लावा," साहेब म्हणाले.

तिने लावल्या. बोर्डच बिघडलेला असता तर अंतर तेवढंच, त्याच बाजूला राहिलं असतं. ते उडी मारून दुसऱ्या बाजूला गेलं. तेवढंच, चाळीस, पण उलटं.

साहेबांनी दोन्ही केबली काढून टेबलावर शेजारी शेजारी ताणून धरल्या. एक करंगळीच्या नखाएवढी आखूड होती.

तिने ती आखूड केबल ओळखली. तीन आठवड्यांपूर्वी तिनेच त्या केबलीचं तुटकं टोक दुरुस्तीला दिलं होतं. परत आल्यावर जोडी मोजून बघायची असते. त्या दिवशी मुलीला ताप होता, घरी पळायची घाई होती, आणि तिने न मोजताच सही केली होती.

"तेव्हापासून किती बोर्ड गेले?"

"एक्केचाळीस."

"सगळे चुकीचे जुळलेले. आणि बाहेर एकही चुकीचा गेला नाही, कारण तुमच्या जाऊबाईंनी आपल्या वेगळ्या मीटरवर प्रत्येक बोर्ड पुन्हा जुळवला." त्यांनी चष्मा काढला. "पण तपासणाऱ्याने स्क्रूला हात लावायचा नसतो. चिठ्ठी लावून बोर्ड परत पाठवायचा असतो."

"साहेब, तो कागद मी परत घेते."

"कागद आता माझ्याकडे आलाय."

घरी जाऊबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांना दुपारीच बोलावणं आलं होतं.

"ताई, मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं. पहिल्याच आठवड्यात म्हटलं, तुझ्या वायरी एकदा बघ. तू म्हणालीस, ताई, तुम्ही तुमचं टेबल सांभाळा."

तिला ते आठवलं. आपला आवाजही आठवला.

"मग चिठ्ठ्या लावायच्या होत्या."

"एक्केचाळीस चिठ्ठ्या? तुझ्या अर्जाचं काय झालं असतं?" जाऊबाईंनी गॅस बारीक केला. "निकाल लागल्यावर सांगणार होते."

निकाल लागल्यावर. केसभर त्या दोन शब्दांवर अडकली. तिला जागा मिळाल्यावर, की त्यांना? त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना, आणि विचारायला तोंड उरलं नव्हतं.

जागा दुसऱ्याच विभागातल्या एका गृहस्थांना मिळाली. जाऊबाईंची सहा महिन्यांसाठी पॅकिंगला बदली झाली, केसभरला लेखी समज. दोघी अजून एकाच बसने जातात. जाऊबाई तिच्यासाठी जागा धरतात, ती बसते, आणि उतरेपर्यंत दोघी खिडकीबाहेर बघतात.