परत येणाऱ्यास माफ

कोऱ्या चहावर एक अतिशय पातळ, तपकिरी पापुद्रा धरला होता. चमचा लागला की त्याला तडा जाई आणि तुकडे कपाच्या कडेला जाऊन चिकटत. ओगले सरांनी कप खिडकीच्या उजेडात थोडा कलता धरला आणि बराच वेळ पाहिला.

"दुष्फेन पाणी," ते म्हणाले. "तुमच्या इंगोलश्टाटला चुना बराच दिसतोय."

"लिंबू पिळते सर. जाईल ते."

"जाईलच. पण का जाईल?"

"आम्लामुळे कॅल्शियम पाण्यातच राहतं, पापुद्र्यात येत नाही." उत्तर देताना आपली पाठ ताठ झाली आहे हे संपदाच्या लक्षात आलं. सकाळीच तिने आरशात कानामागचे पांढरे केस पाहिले होते.

"सर, रविवारीसुद्धा तोंडी परीक्षा?" तिचा नवरा सिद्धेश तव्यावरून थालीपीठ उतरवत म्हणाला. "मला विचारू नका हं. मी मेकॅनिकलचा."

"म्हणून तर नाही विचारलं," सर म्हणाले.

सर म्युनिकला मुलाकडे, मयुरेशकडे, दीड महिन्यासाठी आले होते. मयुरेशने गाडीने आणून सोडतो म्हटलं, तर त्यांनी ऐकलं नाही. एकटे ट्रेनने आले. कॉलेजातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण तालुक्याच्या गावातल्या त्या शिक्षणसंस्थेचे चिटणीस ते अजून होते. संस्था दरसाल एकदोघांना बिनव्याजी कर्जशिष्यवृत्ती देई. त्याच पैशांवर संपदा जर्मनीत, ब्राउनश्वाइगला शिकायला आली होती. व्हिसासाठी खात्यात दाखवायची रक्कम सरांनी स्वतः बँकेत उभं राहून भरली होती. नियम साधा होता. परत येऊन पाच वर्षं शिकवणाऱ्यास कर्ज माफ. न येणाऱ्याने फेडावं. मुदत किती, हे घालायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मुलं परत येणार, हे तेव्हा सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. संपदानेही.

दर गुरुपौर्णिमेला ती फोन करी. सर तब्येतीचं सांगत, पावसाचं सांगत आणि शेवटी विचारत, "मग, कधी?" ती म्हणे, "पुढच्या वर्षी बघू, सर." आधी पीएचडी संपायची होती. मग नोकरीचा अनुभव हवा होता, मग अपूर्वा झाली, मग सासूबाईंचं आजारपण आलं. यातलं एकही कारण खोटं नव्हतं.

"पैसे केव्हाचे बाजूला काढलेत तू. पाठवून टाक ना," सिद्धेश अधूनमधून म्हणे.

"पाठवले म्हणजे येत नाही असं सांगितल्यासारखं होतं."

"मग येतेयस का?"

यावर ती डिशवॉशरमधली भांडी काढायला लागे.

थालीपिठाबरोबर दह्याऐवजी इथलं चक्क्यासारखं क्वार्क होतं. सरांनी चव घेतली आणि लगेच आणखी वाढून घेतलं. समोर अपूर्वा कडेकडेने थालीपीठ कुरतडत बसली होती.

"कितवीत गं तू?"

"फिर्टे क्लासे."

"मराठीत सांग आजोबांना," संपदा म्हणाली.

"चौथी."

"उत्तम! म्हणजे पाचवीला आमच्याकडे. सेमी-इंग्लिश आहे आता. अवघड नाही जायचं तुला."

आजोबा काय म्हणतायत ते न कळून अपूर्वाने बापाकडे पाहिलं. "वास माइंट एर?"

"थालीपीठ आवडलं का, विचारतायत," सिद्धेश म्हणाला.

"या, लेकर," म्हणजे हो, छान आहे, असं अपूर्वाने सरांना सांगितलं. सर समाधानाने हसले. संपदाने पाण्याचा जग उचलला. तो भरलेलाच होता, तरी घेऊन आत गेली.

जेवण झाल्यावर सरांना स्पेक्ट्रोमीटर पाहायचा होता. फार पूर्वी, ब्राउनश्वाइगच्या प्रयोगशाळेने जुनी उपकरणं काढून टाकली तेव्हा तिने तो नाममात्र किमतीत घेतला होता. आपल्या कॉलेजच्या मुलांसाठी. त्या रात्री तिने उत्साहाने सरांना फोन केला होता, आणि सर तो फोन विसरले नव्हते.

"तुमचं कॉलेज आमच्या केलरमध्येच आहे, सर," सिद्धेश म्हणाला. "प्रवेश फी नाही."

तळघरात गाडीचे उन्हाळी टायर आणि अपूर्वाची लहान झालेली सायकल यांच्या मधोमध ती लाकडी पेटी होती. सरांनी खाली बसून झाकण उघडलं. दुर्बिणीचा स्क्रू दोन बोटांनी फिरवला. पितळी चकती न अडखळता सरकली.

"इतकी वर्षं पडून, आणि अजून असा फिरतोय?"

"दर हिवाळ्यात तेल देते."

सरांनी वर पाहिलं. तळघराच्या पिवळट दिव्यातही त्यांचे डोळे भरून आलेले तिला दिसले. "म्हणजे मी संस्थेतल्या मंडळींना सांगतो ते बरोबरच आहे," ते म्हणाले.

हिवाळ्यात एकदा तेल द्यायला दहा मिनिटं लागत, आणि त्यानंतर वर्षभर तिला बरं वाटे.

संध्याकाळी तिने एकटीने त्यांना स्टेशनवर आणलं. म्युनिकची गाडी उशिरा येणार होती. फलाटावर वारा होता. काचेच्या आडोशाला एका बाकावर दोघं बसली. सरांनी मफलर दोनदा गुंडाळला.

"मार्चमध्ये चिटणीसपद सोडतोय मी," ते म्हणाले. "शेवटची मीटिंग. त्याआधी तुझं मार्गी लावून ठेवलंय."

"माझं काय, सर?"

"नियम वाकवला. दोन वर्षं प्रत्यक्ष कॉलेजात यायचं. उरलेली तीन इथूनच, स्क्रीनवर शिकवायचं. सगळं कर्ज माफ. मंडळी तयार नव्हती. एक जण म्हणाला, सर, ती येत नसते. म्हटलं, माझी विद्यार्थिनी आहे, मला माहीत आहे."

"एवढं कशाला भांडलात?"

"भांडायलाच पाहिजे. आणि हे झालं की ऊर्मिलाचाही मार्ग मोकळा."

"ऊर्मिला कोण?"

"एमएस्सीला आहे. फार हुशार. इकडे आखेनला प्रवेश मिळालाय तिला. पण पदार्थविज्ञानाला संस्थेची एकच जागा ना. आधीची परत आली किंवा तिची फेड झाली, की पुढची."

संपदाने हातमोजा काढायला घेतला होता. तो अर्ध्यावर राहिला.

"माझ्यानंतर कुणीच नाही गेलं?"

"कसं जाणार? तिघी थांबल्या. एकीचं लग्न झालं. एक बँकेत लागली. ती जाधवांची मुलगी क्लास घेते, नववी-दहावीचे. चांगले घेते म्हणे." आठवड्याचा बाजार सांगावा तशा सुरात सर सांगत होते. "मी म्हणायचो, थोडं थांबा, संपदा येतेय."

पलीकडच्या रुळावरून कोऱ्या मोटारी लादलेली मालगाडी जाऊ लागली. एकामागून एक डबे, प्रत्येकावर सारख्या पांढऱ्या आवरणातल्या गाड्या. ती संपेपर्यंत बोलता येणं शक्य नव्हतं. संपदा डब्यांवरची अक्षरं वाचत राहिली, आणि वाचलेलं काहीच तिच्या ध्यानात राहिलं नाही. क्लास घेणाऱ्या त्या मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा तिने प्रयत्न केला. येत नव्हता. तिच्या जागी फळ्यासमोर ती स्वतःच उभी दिसत होती.

"सर, तुम्ही मला एकदाही सांगितलं नाहीत."

"नाही सांगितलं."

"मी कित्येक वर्षांपूर्वीच पैसे भरले असते. तेव्हापासून आहेत माझ्याकडे."

"माहीत आहे मला. मयुरेशच्या पगारावरून मलाही इथला अंदाज येतो." सरांनी चष्मा काढला, मफलरच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. "म्हणूनच नाही सांगितलं. सांगितलं असतं, तर तू पैसे पाठवून दिले असतेस."

फलाटावर घोषणा झाली. गाडी आणखी पाच मिनिटांनी येणार होती.

"मग आता का सांगताय?"

"मार्चनंतर विचारायला मी नसेन." मग वर्गात एखाद्याला उत्तर येत नसलं की ते जसे हळूच पहिला शब्द पुरवत, तसे तिच्याकडे झुकून म्हणाले, "हे बघ, आज ठरवायलाच पाहिजे असं नाही. नुसतं 'बघते' म्हण. तेवढ्यावर मी मीटिंगमध्ये निभावून नेतो. आतापर्यंत नेलंच ना?"

तो शब्द तिच्या तोंडात तयार होता. इतक्या वर्षांच्या सवयीने जीभ त्याच्याकडे वळलीसुद्धा. सर वाट पाहत होते. चेहऱ्यावर थोडं हसू होतं, आणि मफलर धरलेला हात घट्ट आवळलेला होता.

दूरवर गाडीचे दिवे दिसले. सर पिशवी सावरत उठायला लागले. तिने त्यांचा हात धरून त्यांना पुन्हा बसवलं.

"ऊर्मिलाला पाठवा, सर. तिचा प्रवेश फुकट जाऊ देऊ नका. पैसे मी उद्या भरते."

"ते होईल गं. आणि तू?"

"मी परत येणार नाही."