काचेवरचा ठिपका

घड्याळजीच्या हातात वस्तू दिली की ती पुसल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. आतली चाकं धड फिरतात की नाही, हे गिऱ्हाइकाला कुठं दिसतं? त्याला दिसते काच. ती लख्ख असली की दुरुस्तीही चोख झाली असं तो धरून चालतो. आमच्या या घड्याळजीनं आयुष्य याच हिशेबात काढलं, आणि या सवयीनंच त्याचा घात केला.

त्याच्या सासऱ्यांची मोटार एवढी जुनी, की तिच्या वयाच्या बाकीच्या केव्हाच भंगारात गेलेल्या. सासरे तिला पोटच्या पोरीसारखं जपायचे. त्यांची लेक, म्हणजे घड्याळजीची बायको, म्हणायची, "आम्ही दोघी बहिणी, पण लाड सगळे तिचे." त्या मोटारीचा वेग दाखवणारा काटा मात्र काही वर्षं शून्यावर पडून होता. गॅरेजवाला म्हणाला, मीटर काढून टाका, नवं बसवा. सासऱ्यांनी ते ऐकूनच घेतलं नाही. मग एका दुपारी जेवणं झाल्यावर जावई बोलून बसला, "त्यात काय बाबा, मोठं घड्याळच ते. मी करतो."

आता जावयाला नाही कोण म्हणणार? सासरे जरा घुटमळले. "काटा तेवढा हलू दे, जावईबापू. बाकी कशाला हात लावू नका."

ऐकलं त्यानं. पण ऐकणं वेगळं आणि मनावर घेणं वेगळं.

मीटरचा डबा त्यानं फार जपून काढला. आधी बॅटरीची तार सोडली. ओरखडा नको म्हणून स्टिअरिंगवर जुनी चादर टाकली. स्क्रू काढून डबा बोटभर पुढं ओढला, मागं हात घालून केबलची चकती चाचपत सैल केली, आणि प्रत्येक वायरला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. मग तो डबा तान्ह्या बाळासारखा सांभाळत दुकानात आणला. आतलं ग्रीस वाळून गोंद झालं होतं. ते धुतलं, वाळवलं, तेलाचा एक थेंब दिला आणि केबल बसते ती मागची कांडी बोटांनी फिरवली, तर काटा सरसर वर चढला. गडी खूश. इथं थांबला असता तर ही गोष्टच झाली नसती. पण थांबतो कुठला? काच धुळीनं मळलेली, आणि तिच्यावर लालसर काहीतरी वाळलेलं. असेल रंगाचा शिंतोडा. थिनरचा बोळा फिरवला, शिंतोडा गेला. काच अशी चमकली की त्याला तिच्यात स्वतःचं तोंड दिसलं, आणि ते त्याला आवडलंही.

घरी बायकोनं डबा हातात घेतला, उजेडाकडं धरला आणि विचारलं, "आईचा ठिपका कुठंय?"

"कसला ठिपका?"

"नेलपॉलिशचा. बाबा गाडी भरधाव सोडायचे म्हणून आईनं काचेवर लावला होता. काटा त्याच्या पुढं गेला की म्हणायची, मला इथंच उतरवा." तिनं काचेवरून बोट फिरवलं. "अहो, आई गेल्यापासून बाबांनी ही काच पुसलीसुद्धा नव्हती."

लोकांच्या आजोबांची घड्याळं सांभाळणारा माणूस आपण, आणि सासूबाईंची एवढीशी खूण बोळ्यानं पुसून कचऱ्यात टाकली. बाबांनी सरळ सांगितलं होतं, हात लावू नका. लाज वाटली त्याला, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जाऊन सांगा त्यांना," बायको म्हणाली.

"सांगतो," तो म्हणाला, आणि सांगितलं नाही. तिच्याच कपाटातली लाल नेलपॉलिशची बाटली त्यानं गुपचूप दुकानात नेली. ठिपका होता कुठं? त्या गाडीत हा कायम मागं बसलेला. शिंतोडा साठाच्या आसपास असावा असं वाटलं. त्या वाटण्यावर भिस्त ठेवून, डोळ्याला भिंग लावून, काडीच्या टोकानं त्यानं साठावर नवा ठिपका दिला. लबाडी केली, तीसुद्धा कारागिराच्या हातानं.

डबा परत बसला, दोऱ्यांचे रंग बघून वायरी जुळल्या. सासरे चष्मा लावून गाडीत बसले आणि काचेकडं बराच वेळ बघत राहिले. "छान चमकवलीत," एवढंच म्हणाले. जावई शेजारी बसला, सासूबाईंच्या जागेवर, आणि त्याला ती सीट टोचायला लागली.

रस्ता मोकळा होता. काटा वीस, तीस, चाळिसावर आला. तिथं सासऱ्यांचा पाय रेंगाळला. मग त्यांनी गाडी पुढं रेटली. खिडक्या खडखडायला लागल्या. काटा साठावर ठिपक्याला टेकला, तेव्हा जावयानं दाराची मूठ धरली.

"बाबा, जरा हळू."

"का? ठिपका तर इथंच आहे ना?"

"बाबा, हा मी लावलाय. आईंचा माझ्याकडून पुसला गेला." मग त्याचं त्यालाच ते खोटं वाटलं. "मी पुसला."

सासऱ्यांनी पाय उचलला. गाडी हळूहळू ताळ्यावर आली.

"बघितल्याबरोबर कळलं," ते म्हणाले. "तिचा चाळिसावर होता. आणि फेंगडा. चालत्या गाडीत लावलेला, माझ्याशी भांडत. तुमचा अगदी गोल आलाय."

"मग बोलला का नाहीत?"

"जावयाला काय बोलायचं? बोलायची ती."

दोन शिव्या हासडल्या असत्या तर त्यानं निमूट पदरात घेतल्या असत्या, उलट बरंच वाटलं असतं. त्या काही मिळाल्या नाहीत. खिशातला रुमाल काढून त्यानं विचारलं, "हा पुसून टाकू का?"

"नको," सासरे म्हणाले. "आता कशालाच हात लावू नका."

घरी परतताना काटा सुरेख चालत होता, आणि सगळ्या वाटेत चाळिसावर उभा होता, जिथं काच अगदी स्वच्छ होती.