पाहुण्याच्या दोन मुठी

मी एक जुना प्रेशर कुकर आहे, मित्रांनो, आणि मला वाफेची भीती वाटते. माशाने पाण्याला घाबरावं तसं हे आहे, हे मला कळतं. पण मासा पाण्यात असतो. वाफ माझ्यात असते.

ज्या कारखान्यात मी जन्मलो, तिथे शेजारच्या दालनात तोफगोळ्यांची कवचं बनत. धातू एकाच भट्टीतला. कोणी कवच व्हायचं आणि कोणी कुकर, हे सकाळी मुकादम ठरवायचा. माझ्या पोटात आतून एक रेघ कोरली गेली. तिच्या वर भरू नये, असं सोबतच्या कागदावर छापलं होतं. तो कागद ताश्कंदच्या बाजारात पोचला आणि त्याच्या पुडीत कोणीतरी सूर्यफुलाच्या बिया विकल्या.

रोबिया-ओपाने, म्हणजे रोबियाताईने, मला घेतलं तेव्हा ती तरुण होती, कापडगिरणीत कामाला होती. संध्याकाळी चौथ्या मजल्यावर चढून आली की डोक्याचा रुमाल सोडण्याआधी मला शेगडीवर ठेवी. वाटाणे, भोपळा, एखादं हाड. चहा होईपर्यंत जेवण तयार. शेजारणी मला बघायला येत आणि कौतुक करत. ते ऐकताना मी थरथरत असे. त्यांना तो उत्साह वाटे.

मग एका संध्याकाळी माझी फुसफुस थांबली. आमच्या घराण्यात शिट्टीची पद्धत नाही, आम्ही सतत फुसफुसतो. रोबिया-ओपाला वाटलं, शिजलं. तिने झाकण फिरवलं. वाटाणे छताला गेले, उरलेले तिच्या हाताला. छतावरचा डाग कितीही रंग दिला तरी अजून वर येतो. हातावरचा तिने बाहीखाली ठेवला.

मला बाल्कनीत टाकलं आणि माझ्यात कांदे भरले. अपमान होता खरा, पण कांदे आपण होऊन कधी उकळले नाहीत. मित्रांनो, ती माझी सगळ्यात सुखाची वर्षं.

पुढे घरात सून आली, झुमराद. ती दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत काम करते. सासूला डॉक्टरांनी चरबी बंद केलेली, नवऱ्याला, म्हणजे इल्होमला, गरम जेवण हवं, आणि झुमराद घरी येते तेव्हा बिडाची कढई तापायलाच वेळ घेते. त्या आठवड्यात पुन्हा पुन्हा नान आणि चहावर भागलं. शेवटी रोबिया-ओपा म्हणाली, "आजही तेच असेल तर पहिल्या तारखेपासून घरीच बस, पोरी. माझ्या मुलाचं लग्न मी चहाच्या किटलीशी नाही लावलं."

"अर्ध्या तासात करते, ओयी." सासूला ती ओयी म्हणते.

"अर्ध्या तासात माझा कांदासुद्धा लाल होत नाही."

झुमराद कांदा आणायला बाल्कनीत आली. क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग कांदे ओतून मलाच उचलून घेऊन गेली. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. माझ्या झाकणाची रबरी कडी सुकली होती, आणि अडचणीच्या वेळी उडून वाफ सोडणारी गुंडी कधीच दगड झाली होती.

सासूने मला पाहिलं, बाही खाली ओढली आणि "जपून" एवढंच म्हणाली.

झुमरादने मूग, तांदूळ, गाजर आणि थोडं बिनचरबीचं मटण बरोबर रेघेपर्यंत घातलं आणि कपडे बदलायला गेली. झाकण नसलेल्या कुकरला कोणी घाबरत नाही. रोबिया-ओपा जवळ आली, आत डोकावली. आयुष्यभर प्रत्येक भांड्यात अचानक येणाऱ्या पाहुण्याचा वाटा टाकलेला हात तो. त्याने मुगाच्या दोन मुठी सोडल्या आणि वर पाणी ओतलं. रेघ बुडाली. झुमराद परत आली आणि न बघता तिने झाकण आवळलं.

मूग फुगू लागले. मला ते वर चढताना कळत होते. मी जिवाच्या आकांताने फुसफुसलो, तर एक सालपट झाकणातल्या वाफेच्या नळीत शिरलं, त्यामागे दुसरं. आवाज थांबला. बाहेर शांतता होती. आत नव्हती.

"झालं वाटतं," झुमराद म्हणाली आणि तिने झाकणाच्या दांड्याला हात घातला.

कोपऱ्यात मुळा सोलणारी सासू उठली. गुडघे दुखतात म्हणून एरवी पाण्याचा पेलाही मागून घेते. तिने सुनेचं मनगट पकडलं. "सोड."

"ओयी, ते येतीलच इतक्यात."

"सोड म्हणते ना. तेव्हाही हा असाच गप्प बसला होता." तिने बाही वर केली. सुनेने तो डाग पहिल्यांदाच पाहिला.

गॅस बंद झाला. दोघी बाहेर गेल्या, दार लोटलं गेलं आणि मी एकटा राहिलो. घराला माझी भीती वाटत होती, आणि मला माझी. दाराबाहेर इल्होम आल्याचं ऐकू आलं.

"दोघी बाहेर का उभ्या?"

"आत कुकर आहे," आई म्हणाली.

"मग?"

"मग तूही उभा राहा."

मी पूर्ण निवलो तेव्हाच त्यांनी मला उघडलं. मूग झाकणाला चिकटले होते.

"मी रेघेपर्यंतच घातलं होतं," झुमराद म्हणाली.

"रेघ कसली? पाहुण्याच्या दोन मुठी मी टाकल्या. कोणी आलं असतं तर?"

"तर छतावरून वाढावं लागलं असतं, ओयी."

रोबिया-ओपाने वर डागाकडे पाहिलं. तिच्या तोंडाचा कोपरा हलला.

इल्होम म्हणाला, "पण उशीर तर झालाच ना. म्हणून म्हणत होतो, नोकरी..."

"उशीर माझ्यामुळे झाला. खाली बस, नान मोड."

झुमरादने वाडगे भरले, वर दही घातलं. मग हळूच विचारलं, "पहिल्या तारखेचं काय, ओयी?"

"पहिल्या तारखेला याच्यासाठी नवी रबरी कडी आण. आणि ती गुंडीही. कामावरून येताना."

तेव्हापासून पाहुण्याचं बिडाच्या कढईत शिजतं, घरच्यांचं माझ्यात. मला अजूनही रोज भीती वाटते. पण रोज संध्याकाळी, सून यायच्या आधी, रोबिया-ओपा माझं झाकण खिडकीशी नेते, नळीत फुंकर मारते आणि एक डोळा मिटून आरपार बघते.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. त्याची रेघ घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. आणि तो गप्प बसला, तर त्याला घाई करू नका.