आईने गाळलेला प्रश्न

ठकीची आई सगळ्या जगाशी तोंड वासून बोलायची. मुलगी जन्मापासून बहिरी. तिला ओठ वाचता यावेत म्हणून एकेक अक्षर सुटं करून बोलायची सवय लागली, ती लागलीच. दूधवाला असो की शेजारीण, सगळ्यांशी तसंच. ठकीचे बाबा वैतागून म्हणायचे, "अगं, मी बहिरा नाही गं!"

ठकी आता चांगली कमावती झाली होती. शिवणाच्या कारखान्यात काजं करायची. यंत्रांच्या खडखडाटाने सगळ्यांची डोकी उठायची, हिचं तेवढं शाबूत. तिथेच कापड कापणारा एकजण होता, तोही बहिरा. दोघांचं सूत जुळलं होतं आणि गोष्ट नुसत्या खाणाखुणांवर थांबली नव्हती. बहिऱ्यांच्या शाळेत शरीराचा धडा आला, तेव्हा बाईंनी फळ्यावर "घरी वाचा" असं लिहून पान उलटलं होतं. घरी तर असल्या गोष्टींसाठी हाताची खूणसुद्धा नव्हती. त्यामुळे पाळी चुकली, मग ओटीपोटात एका बाजूला कळ येऊ लागली, तरी बिचारीने विचारायचं कोणाला?

शेवटी कामावर जाता जाता ती उंबऱ्यातच पोट धरून बसली. आईने तशीच रिक्षात घातली आणि दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंच्या तोंडावर मास्क होता, म्हणजे ठकीला त्यांचं काहीच कळायला मार्ग नव्हता. त्या विचारत, आई हातांनी सांगे, समोर खाटेवर बसलेली ठकी हातांनी उत्तर देई आणि आई ते बोलून दाखवी. दुखतं कुठे, उलटी झाली का, असं ठीक चाललं होतं. मग डॉक्टरीणबाईंनी काहीतरी विचारलं आणि आईचे हात मांडीवरून हललेच नाहीत. आवाज तिने खाली आणला असावा, कारण मान तर खाली गेलीच होती. पण तोंड कुठे ऐकतंय? ते सवयीने वासलेलंच, एकेक अक्षर सुटं: "छे छे, लग्न कुठे झालंय तिचं! तसलं काही नाही. बाहेरचं खाल्लं असेल काहीतरी."

ठकीने सगळं वाचलं.

डॉक्टरीणबाई गोळ्या लिहायला लागल्या, तशी ठकीने खाटेच्या लोखंडी कडेवर थाड्कन हात आपटला. दोघी दचकल्या. तिने डॉक्टरीणबाईंना मास्क खाली करायची खूण केली आणि आईकडे वळली. "घरी गेल्यावर काय मारायचं ते मार," तिचे हात म्हणाले. "इथे मात्र माझं खरं सांग." आणि पुढचं तिने अशा खुणांनी सांगितलं की ज्याला हातांची भाषा येत नाही, त्यालाही समजावं. आईचे कान लालभडक झाले. राग आला होता, लाजही वाटत होती, पण समोर पोर घामाने निथळत होती.

"तिचे... संबंध आहेत," आई म्हणाली. "पाळी चुकलीय. आणि सकाळपासून गरगरतंय."

डॉक्टरीणबाई एक शब्दही वेडावाकडा बोलल्या नाहीत. ताडकन उठल्या. लघवी तपासली, सोनोग्राफी झाली. मग त्या ठकीसमोर येऊन बसल्या, मास्क उतरवून. "गर्भ नळीत अडकलाय. आत रक्तस्राव होतोय. ऑपरेशन आत्ताच करायला हवं, ती नळी काढावी लागेल. गोळ्या घेऊन घरी गेली असतीस, तर जिवावर बेतलं असतं."

आईने ते सगळं हातांनी सांगितलं. घाबरलेल्या ठकीने विचारलं ते एकच: पुढे मला मूल होईल?

डॉक्टरीणबाई सावकाश बोलल्या, "दुसरी नळी चांगली दिसतेय. पुष्कळ जणींना होतं. पण खात्री देता येत नाही."

शेवटचं वाक्य ठकीने ओठांवरून बरोबर टिपलं. तरी ती आईच्या हातांकडे बघत राहिली.

हात म्हणाले, नळी चांगली आहे. हात म्हणाले, पुष्कळ जणींना होतं. मग ते तिथेच थांबले. आजोबा वारले तेव्हा याच हातांनी ठकीला सांगितलं होतं की आजोबा गावाला गेलेत, आणि ती कितीतरी दिवस दारात वाट बघत बसली होती.

आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते तिने पुसलं नाही. हात पुन्हा उचलले आणि सांगितलं: खात्री नाही.

ठकीने ते दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले. नर्स स्ट्रेचर ढकलायला लागली तेव्हाच सोडले.