जयगडची आरोळी

घाटकोपरच्या चाळीत लवूआजोबा सकाळपासून फोन मांडीवर घेऊन बसले होते. त्यांची नात अपूर्वा आज जयगड बंदरात क्रेनवर बसून पहिल्यांदा माल उचलणार होती. त्याच बंदरात आजोबांनी तरुणपणी सगळ्यांबरोबर आरोळ्या देत गलबतात कौलं चढवली होती.

"आरोळी दिल्याशिवाय मालाला हात लावायचा नाही," असं त्यांनी ती निघताना बजावलं होतं.

"आजोबा, मी एसी केबिनमध्ये बसणार. आरोळी देऊ कुणाला, काचेला?"

"गुपचूप माल उचलतात ते चोर!" आजोबा उखडले होते.

दुपारी फोन वाजला. "आजोबा, वाटच लागली होती! कंटेनर हवेत झुलायला लागला आणि माझ्या तोंडातून निघूनच गेलं, 'हैऽऽसा!' वॉकीटॉकी चालूच होता. अख्ख्या धक्क्यानं ऐकलं."

"ओरडायला काय, कुणीही ओरडतं. खालून उत्तर आलं का?"

"आलं ना! सगळे एकदम ओरडले, 'हैऽऽसा!' आणि कंटेनर जहाजावर अलगद बसला."

आजोबा तडक गॅलरीत गेले आणि साऱ्या चाळीला ऐकू जाईल असे ओरडले, "जयगडला माझी जागा भरली रे!"