वडिलांचं मधलं नाव

त्या रविवारी नार्सिसाचे वडील अंगणात ताग्वाच्या बिया निवडत होते. हस्तिदंतासारख्या त्या टणक बियांची बटणं होतात. कोरडी बी हलवली की वाजते; न वाजणारी ते पुन्हा उन्हात टाकत.

शेजारची एदुविहेस मासळी भरलेले केळ्याचे वडे घेऊन आली. मागोमाग तिची नात आली, कुशीत अकरा दिवसांचं पोर घेऊन. तिनं नार्सिसाच्या वडिलांना विचारलं,

"आंबुर्गोकाका, याचं नाव काय ठेवू? नवरा म्हणतो मिलान, सासू म्हणते होसे."

"होसे नको. या गावात होसे म्हणून हाक मारली तर कोंबड्यासुद्धा वळून बघतात."

"पण मिलानला कोण जाणार आहे, काका?"

"जायला कशाला पाहिजे? मी तरी कुठं गेलोय? पण आई दिवसातून दहा वेळा लांबच्या शहराच्या नावानं हाक मारते ना, त्यानं पोराची मान जरा वर राहते."

आंबुर्गोकाकांचे वडील बंदरावर ताग्वाची पोती भरायचे. प्रत्येक पोत्यावर काळ्या रंगात एकच शब्द रंगवलेला असे: आंबुर्गो. जर्मनीतलं ते हॅम्बुर्ग शहर त्यांनी कधी पाहिलं नाही. आपल्या पायांखालची बी तिथं जाते आणि साहेबाच्या कोटावरचं बटण होऊन परत येते, एवढंच त्यांना ठाऊक होतं. मुलगा झाला तेव्हा त्यांनी दुसरं नाव शोधलं नाही. पाद्र्याच्या समाधानासाठी आधी होसे लावलं, झालं.

एवढ्यात नार्सिसाचा फोन वाजला. ती राजधानीत, कितोच्या कॉलेजात साहित्य शिकवायची; तिथल्या मैत्रिणीनं घरच्यांची चौकशी केली. "हो, माझे वडील, होसे, बरे आहेत," नार्सिसा म्हणाली.

वडिलांनी एक बी कानाशी वाजवली. "तुझ्या त्या होसेला माझा नमस्कार सांग."

ती हसली आणि कॉफी ठेवायला आत गेली.

अठराव्या वर्षी कितोच्या वसतिगृहात एका मुलीनं तिचा अर्ज मोठ्यानं वाचला होता. वडिलांच्या नावाशी येऊन ती थांबली आणि म्हणाली, "एक आंबुर्गेसा द्या हो, कांदा जास्त." आंबुर्गेसा म्हणजे हॅम्बर्गर; पावात घालून मिळणारा तो पदार्थ कितोत कोपऱ्याकोपऱ्यावर मिळायचा. सगळ्या हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं नार्सिसा हसली. त्या दिवसापासून तिनं वडिलांचं मधलं नाव लिहिलं नाही. पदवीच्या समारंभात प्राध्यापकांशी ओळख करून देताना ती म्हणाली, "माझे वडील, होसे." कुणाचा तरी कोट मागून आणून घातलेल्या त्या माणसानं तिच्याकडे एकदा पाहिलं, मग हात पुढे केला. "होसे इंत्रियागो, आपल्या सेवेला."

सोमवारी सकाळी ते उठले नाहीत.

दुपारपर्यंत कितोहून तिच्या तीन सहकारी येणार होत्या. या गावांत माणूस गेला की कर्णा लावलेली गाडी गल्लोगल्ली फिरून नाव सांगते आणि लोक येतात. गाडीवाला उबाल्दो शेजारच्या गावचा. त्यानं नाव विचारलं तेव्हा एदुविहेस आत वडिलांना आंघोळ घालत होती. नार्सिसानं कागदावर लिहून दिलं: होसे इंत्रियागो.

तीन वाजले. भाड्याच्या पन्नास खुर्च्या अंगणात रिकाम्या होत्या. काळ्या कपड्यांतल्या तिघी एका ओळीत बसून वारा घेत होत्या. कॉफी दोनदा उकळून कडू झाली. "गाव लहान आहे वाटतं," एक जण हळूच म्हणाली.

चौकशीला गेलेली एदुविहेस धापा टाकत परतली.

"लोक कुठं आहेत ठाऊक आहे? खालच्या आळीतल्या होसे इंत्रियागोच्या दारात, फुलं घेऊन. तो बसलाय सूप पीत. म्हणतो, आणलीच आहेत तर ठेवून जा." मग तिनं आवाज खाली आणला. "नाव काय सांगितलंस तू?"

नार्सिसा एक रिकामी खुर्ची सरळ करू लागली.

"पोरी, सत्तर वर्षं आम्ही त्याला एकाच नावानं हाक मारली. आज जायच्या दिवशी तू त्याला परकं करून ठेवलंस."

उबाल्दोनं चुकीचं वाचलं असेल, असं म्हणता आलं असतं. वाक्य तिच्या तोंडाशी आलंही. दाराआड पेटीत वडील होते, शर्टाला त्यांनीच कोरलेली पांढरी बटणं होती. अंगणाच्या कडेला कालच्या बिया तशाच वाळत पडल्या होत्या.

ती उठली. गाडी कोपऱ्यावर उभी होती, तिघींना ऐकू येईल इतक्या जवळ. तिनं उबाल्दोपुढे हात केला. त्यानं माईक दिला.

"खालच्या आळीतले होसे ठीक आहेत," ती म्हणाली. तिचाच आवाज पत्र्यांवर आपटून परत आला. "गेले ते आंबुर्गो इंत्रियागो. ताग्वावाले आंबुर्गो. कागदावर दुसरं नाव मी लिहिलं होतं, गाडीवाल्याची चूक नाही."

खालच्या आळीत कुणीतरी रेडिओ बंद केला.

"कितोत मी त्यांचं हे नाव कधीच सांगितलं नाही. मला लाज वाटायची. त्यांना ते ठाऊक होतं." तिनं माईक दोन्ही हातांनी धरला. "मी आंबुर्गोची मुलगी आहे."